बॅटरी उतरली

फेरीबोट बंद, आज पाचवा दिवस.
खाडी बर्फानं गच्च.
पलीकडच्या काठावर औषधांचं दुकान,
तिथल्या फळीवर माझी कागदी पिशवी:
व्हर्ना पेनी, गोळ्या तीस.
रात्री त्या दुकानाचा दिवा दिसतो इथून.
चालत गेलं तर पाऊण तास,
बर्फानं पेललं तर.

पहिले दोन दिवस काहीच झालं नाही.
म्हटलं, नऊ वर्षं उगाच गिळत होते की काय!
तिसऱ्या दिवशी साखरेचा डबा शोधताना
डोळे डावीकडून उजवीकडे गेले
आणि मेंदू मागेच राहिला.
मग आला धावत,
ओला हात तारेला लागावा तसा.
चर्र.
आवाजसुद्धा होतो त्याला, कानाच्या आतल्या बाजूनं.

आता जिना उतरताना चर्र.
हाक आली की चर्र.
चहाला नाण्यांची चव.
पहाटे उशी घामानं ओली, आणि स्वप्नात आई
शाळेच्या फळ्यापाशी उभी राहून कॉड माशांना मीठ लावते,
मोठ्यानं मोजते, चुकते, पुन्हा पहिल्यापासून.
काल रेडिओवर खेकड्यांचा भाव ऐकून
मी हुंदके देऊन रडले.
माझ्याकडे होडीसुद्धा नाही.

जुनं दुखणं परत आलं असेल का?
तेही ताडून पाहिलं, अंथरुणात, डोळे मिटून.
नाही. ते धुक्यासारखं यायचं,
त्याला घाई नसायची, आवाज तर नव्हताच.
हे दुसरंच कुणीतरी आहे,
भाडं थकलं म्हणून दार बडवणारं.

नर्सकडे जायला हवं, कळतं.
पण दवाखान्याचं दार बरोबर पोस्टाच्या रांगेसमोर,
आणि न्यूफाउंडलंडच्या या टीचभर बेटावर
शिंक आली तरी औषध सांगायला चौघं येतात.
नऊ वर्षं झाकली मूठ आहे माझी.

शाळेची बस मी चालवते. अकरा पोरं.
या डोक्यानं त्यांना घाटावरून कशी नेऊ?
मुख्याध्यापकांना फोन केला,
म्हटलं, बॅटरी उतरली.

पंधरा मिनिटांत एल्ड्रेड दारात.
खांद्यावर जोडतारा, मिशीत बर्फ.
मी काही बोलायच्या आत त्यानं किल्ली फिरवली.
बस पहिल्या झटक्यात सुरू.
तो बॉनेटकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.
मी त्याच्याकडे वळले,
घुबडासारखी, मानेसकट, डोळे जागच्या जागी ठेवून.

"किती दिवस?" त्यानं विचारलं.
"कसले?"
"डोळे न हलवण्याचे."

इंजिन धडधडत होतं.
चिमणीवर एक कुरव पक्षी उगाच ओरडत होता.
"मार्था गेली त्या साली," तो म्हणाला,
"मी आपल्या मनानंच सोडल्या होत्या, एकदम.
जाळं विणायला बसायचो, सुई हलली की वीज.
वाटलं, तीच बोलावतेय."
जोडतारा त्यानं नीट गुंडाळल्या,
कोपर ते अंगठा, कोपर ते अंगठा,
लोकर गुंडाळतात तशा.
"तिनं नव्हतं बोलावलं. गोळ्याच होत्या त्या.
नर्सच्या कपाटात थोडा साठा असतो,
मागावा लागतो पण."

पोरांना त्यानंच नेलं.
मी मागच्या बाकावर,
"खिडकीतून बघू नकोस, माझ्या टोपीकडे बघ."
लाल टोपी. कानाशी उसवलेली.
घाटाच्या तिन्ही वळणांवर मी ती धरून बसले
डोळ्यांनी, होडीचा काठ धरावा तशी.
धाकट्या टॅन्सीनं विचारलं,
"बॅटरी भरली का?"
"नाही अजून," मी म्हटलं.
तिनं मला आपल्या खिशातलं अर्धं बिस्कीट दिलं.

शाळेनंतर बस वळली ती घराकडे नाही.
पोस्टासमोर थांबली, भर रांगेपुढे.
वर हॉर्न वाजवला त्या माणसानं, दोनदा!
सगळ्या टोप्या वळल्या.
दार उघडलं, गार वारा आत आला.

मी मान वळवून, सावकाश,
एकेका चेहऱ्याकडे पाहिलं,
चर्र झालं,
होऊ दिलं,
आणि उतरले.